फटफटीची पारख : खानदेशातील जुन्या मोटारसायकलींचा संग्रह

जुनी झालेली प्रत्येक मोटारसायकल संग्राह्य नसते, आणि संग्राह्य कोणती याचे उत्तर जगात सर्वत्र एकच मिळत नाही. ब्रिटनमधील जुन्या वाहनांच्या संस्था १९१९ ते १९३० या काळातील वाहनांनाच काटेकोर अर्थाने ‘विंटेज’ म्हणतात. ऐतिहासिक वाहनांच्या संघटनांचा ‘फिवा’ हा जागतिक महासंघ किमान ३० वर्षांचे, मूळ स्वरूपात जपलेले आणि रोजच्या दळणवळणासाठी न वापरले जाणारे वाहन ऐतिहासिक मानतो. भारतात मात्र केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेले आणि मुळाबरहुकूम राखलेले खासगी वाहनच ‘विंटेज’ या नावाला पात्र ठरते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत प्रत्यक्ष विकत मिळणाऱ्या जुन्या मोटारसायकली बहुतांशी १९६० ते १९९५ या काळातल्या असल्याने त्यांतील निम्म्या या व्याख्येत बसतात, निम्म्या अजून बसायच्या आहेत. आणि ज्या बसतात त्यांतल्याही कित्येकींचे कागद बसत नाहीत. खानदेशातील संग्राहकाची खरी अडचण हीच आहे, कारण या मुलखात या गाड्या कामासाठी घेतल्या गेल्या, कामावर झिजल्या, दोन-तीन पिढ्यांच्या हातांतून गेल्या, आणि या प्रवासात लोखंड टिकले तितके आरसी बुक टिकले नाही.

मोटारसायकल येथे लवकर रुजली, याचे कारण भूगोलात आणि पिकांत शोधावे लागते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यांपैकी दुसरा पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा पूर्व खानदेशातून जातो. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. या मुख्य रस्त्यांपासून आत, तापीच्या आणि गिरणेच्या काठच्या गावांकडे जाणारे रस्ते मात्र दीर्घकाळ कच्चे राहिले, आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीत बैलगाडीखेरीज काही चालत नसे. कापूस आणि केळी या दोन नगदी पिकांमुळे रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंतच्या बागायतदाराच्या हाती रोख पैसा येत होता. शेत, जिनिंग फॅक्टरी, तालुक्याचा बाजार आणि रेल्वेचा माल-धक्का यांच्यामध्ये त्याला दिवसातून दोनदा फेरी मारावी लागे. मोटारगाडी परवडत नव्हती आणि शिवाररस्त्यावर ती जातही नव्हती. डॉक्टर, वकील, पाटील, गिरणीतले अधिकारी आणि हे बागायतदार, असा मोटारसायकलीच्या पहिल्या मालकांचा वर्ग होता, आणि आज जी गाडी कोठारातल्या कडब्यामागे सापडते ती बहुधा यांच्यापैकीच कोणाच्या तरी नातवाच्या घरची असते.

सर्वांत जुना थर युद्धकाळातला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने नॉर्टन १६ एच, बीएसए एम २०, मॅचलेस जी ३ एल यांसारख्या मोटारसायकली मोठ्या संख्येने वापरल्या; एकट्या एम २० चे उत्पादन सव्वा लाखाच्या घरात गेले होते. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानातील लष्करी साठे लिलावात निघाले आणि या गाड्या ‘डिस्पोजल’चा माल म्हणून नागरी वापरात आल्या. बीएसए एम २० चे ४९६ सीसीचे इंजिन ‘साइड व्हॉल्व्ह’ पद्धतीचे असते, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा सिलिंडरच्या डोक्यावर न बसवता बाजूला बसवलेल्या असतात. वेग कमी, पण रचना इतकी साधी की गावच्या मिस्त्रीलाही ते उघडता-जोडता येई. अशा गाडीला खानदेशात आज अतोनात भाव सांगितला जातो, परंतु तिच्यात टाकी एकीची, चाके दुसरीची आणि गिअरबॉक्स तिसरीचा असे मिश्रण इतके सर्रास आढळते, की नवख्या संग्राहकाने या थराच्या वाटेला सुरुवातीलाच जाऊ नये, हे बरे.

खानदेशाच्या रस्त्यांवर खऱ्या अर्थाने राज्य केले ते १९५५ ते १९६२ या सात-आठ वर्षांत भारतात सुरू झालेल्या तीन कारखान्यांच्या गाड्यांनी. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडातील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड यांच्या भागीदारीतून ‘एनफिल्ड इंडिया’ उभी राहिली आणि मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे ३५० सीसीची बुलेट तयार होऊ लागली. प्रारंभी सुटे भाग इंग्लंडहून येत, पुढे साचे आणि यंत्रसामग्रीच मद्रासला आली. मूळ इंग्रज कंपनी १९७० च्या आसपास संपली, मद्रासची बुलेट मात्र चालू राहिली. रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांच्या ‘आयडियल जावा’ या कंपनीने म्हैसूर येथे १९६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील जावाच्या परवान्याने २५० सीसीच्या गाड्या काढण्यास सुरुवात केली. १९७३ पासून याच गाड्या ‘येझदी’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तिसरा कारखाना फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सचा. पोलंडच्या ‘एसएचएल’ या गाडीच्या आराखड्यावर त्यांनी १७५ सीसीची राजदूत काढली.

या तिघींचे गिऱ्हाईक वेगवेगळे होते. बुलेट मानाची, जड, चढावर न दमणारी. तिच्या इंजिनाचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची फेरी ९० मिलिमीटर, म्हणजे फेरी व्यासापेक्षा लांब, आणि या लांब फेरीमुळेच ती कमी फेऱ्यांतही ओझे ओढते व तिचा तो सर्वपरिचित संथ ठोका निर्माण होतो. जावा आणि येझदी तरुणांच्या. राजदूत मात्र दूधवाल्यांची आणि शेतकऱ्यांची: ताकद फार नाही, वेग त्याहून कमी, परंतु दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून आणि मागे चाऱ्याचा भारा बांधून ती पहाटे निघाली की दुपारी परत येणारच. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात ऋषी कपूरच्या हाती दिसलेली चिमुकली राजदूत जीटीएस ही याच घराण्यातली. तिला आज संग्राहकांत मागणी आहे, आणि ज्या साध्या राजदूतने धुळे-जळगावचे दूध वर्षानुवर्षे वाहिले तिला जवळपास नाही. चित्रपटामुळे भाव चढतो आणि कामामुळे उतरतो, ही संग्रहाच्या बाजारातली विसंगती अभ्यासू खरेदीदाराच्या पथ्यावर पडणारी आहे. सुट्या भागांनी पूर्ण, कागदपत्रांसह असलेली साठच्या दशकातली राजदूत आजही बेताच्या पैशांत मिळू शकते, आणि खानदेशाच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने तिच्याइतकी बोलकी दुसरी गाडी नाही.

ऐंशीच्या दशकातली पिढी याहून निराळी. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० वर आधारलेली ‘राजदूत ३५०’ बाजारात आणली. दोन सिलिंडरांच्या या गाडीची सुरुवातीची आवृत्ती सुमारे ३० अश्वशक्तीची होती, जी त्या काळच्या बुलेटपेक्षा कितीतरी अधिक होती, आणि तिची पेट्रोलची भूक आणि किंमत यांमुळे ती दशकभरही टिकली नाही. १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० मात्र ९८ सीसीची, हलकी आणि चपळ असल्याने तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयीन मुलांपर्यंत पोहोचली, आणि १९९६ मध्ये बंद झाली तरी तिचा भाव आज मूळ किमतीच्या कितीतरी पट आहे. याच सुमारास हीरो होंडाची चार-स्ट्रोक सीडी १०० आली, आणि दोन-स्ट्रोक गाड्यांचे दिवस भरत आले. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते, त्यामुळे निळसर धूर येतो. १९९६ आणि २००० सालच्या प्रदूषण-निकषांनी या इंजिनांना बाजारातून बाहेर काढले.

या सर्व गाड्यांपैकी किती नष्ट झाल्या याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, पण कशा नष्ट झाल्या हे सांगता येते. काही सरळ भंगारात गेल्या. बुलेटच्या बाबतीत शेजारच्या गुजरातचा मोठा वाटा आहे: तेथे बुलेटचा पुढचा भाग आणि डिझेल इंजिन जोडून तीनचाकी ‘छकडो’ बनवला जाई, आणि अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी नव्वदच्या दशकात मागच्या चाकाच्या जागी कोळपणीची अवजारे लावून ‘बुलेट सांती’ हे शेतीयंत्र तयार केले. कल्पकता म्हणून हे कौतुकाचेच होते, मात्र प्रत्येक छकड्यामागे एक बुलेट कापली गेली. आणखी काही बुलेटींचे पेट्रोल इंजिन काढून तेथे डिझेल इंजिन बसवण्यात आले. एनफिल्डने स्वतः ३२५ सीसीची डिझेल बुलेट काढलीच होती. ती संथ, थरथरणारी, परंतु एका लिटरमध्ये पेट्रोलच्या बुलेटच्या दुपटीहून अधिक अंतर जाणारी असल्याने शेतकऱ्यांत लोकप्रिय झाली. कारखान्यातून आलेली डिझेल बुलेट आज स्वतंत्र संग्राह्य वस्तू आहे. गॅरेजात बदललेली डिझेल बुलेट मात्र ना धड संग्राह्य ना धड कायदेशीर, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ आणि गाडीत डिझेलची टाकी, अशी जोडी दिसली की सौदा तेथेच थांबवावा.

ज्या उरल्या त्या बऱ्या स्थितीत उरल्या, याचे श्रेय हवेला द्यावे लागते. कोकणात दमट हवेने आणि खारट वाऱ्याने पत्रा दहा वर्षांत खाल्ला जातो. खानदेशात पाऊस बेताचा, वर्षातले आठ महिने हवा कोरडी, त्यामुळे पन्नास वर्षे गोठ्यात उभ्या असलेल्या गाडीचाही सांगाडा धडधाकट निघतो. उन्हाळा मात्र याची भरपाई करून घेतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा रबराचे सील, वायरींवरचे आवरण, टायर आणि सीटचे रेक्झिन वाळून तडकते. टाकीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ राहून ती कार्बोरेटरची, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागाची, बारीक छिद्रे बुजवते. आणखी एक खास स्थानिक दोष म्हणजे काळ्या मातीचा. कपाशीच्या शेतातला चिखल मडगार्डच्या आतल्या बाजूला घट्ट बसतो, ओल धरून ठेवतो आणि बाहेरून चकचकीत दिसणारा पत्रा आतून पोखरतो. म्हणून मडगार्ड आणि चेनकव्हर नेहमी हात घालून आतून चाचपावे, डोळ्यांवर विसंबू नये.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, आणि तेथे मुरलेला गिऱ्हाईक घोड्याच्या अंगावरची झूल न बघता आधी दात, खूर आणि भोवरे बघतो. जुन्या मोटारसायकलीचे परीक्षण त्याच क्रमाने, म्हणजे रंग आणि क्रोम सर्वांत शेवटी ठेवून, करावयाचे असते. पहिली पाहणी क्रमांकांची. प्रत्येक गाडीला दोन क्रमांक असतात: एक इंजिनाचा आणि एक चॅसीचा, म्हणजे सांगाड्याचा. बुलेटमध्ये इंजिन क्रमांक सिलिंडरच्या बुडाशी इंजिनाच्या कवचावर आणि चॅसी क्रमांक हँडलच्या खालच्या मानेवर ठोकलेला आढळतो. कारखान्यात हे अंक एकाच संचातील ठशांनी ठोकलेले असतात, त्यामुळे त्यांची उंची आणि वळण सारखे असते. त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासली की अंक कागदावर उमटतात. नोंदणीच्या कामांसाठीही हीच ‘पेन्सिल प्रिंट’ काढण्याची पद्धत आहे. या ठशात एखादा अंक इतरांपेक्षा खोल, तिरका किंवा वेगळ्या वळणाचा दिसला, किंवा अंकांभोवती घासकाम झाल्याच्या समांतर रेघा उमटल्या, तर तो क्रमांक नंतर ‘पंच’ केलेला असण्याची दाट शक्यता असते, आणि अशी गाडी कितीही देखणी असली तरी चोरीची असू शकते. रंगाचा जाड थर याच जागेवर दिला असेल तर तो खरवडायला लावणे हा खरेदीदाराचा हक्क आहे. विक्रेता त्याला नकार देत असेल, तर त्यातूनच बरेच कळते.

त्यानंतर इंजिन. बुलेट सुरू करण्याची पद्धतच तिची प्रकृती सांगते. हेडलाइटच्या खोबणीत ॲमीटर असतो, म्हणजे बॅटरीतून जाणारी किंवा बॅटरीकडे येणारी वीज दाखवणारा काटा; किल्ली फिरवून किक सावकाश दाबत नेली की काटा आधी एका बाजूला झुकतो आणि पिस्टन माथ्याशी येताच मध्यावर परततो; त्या क्षणी हँडलवरची छोटी डीकॉम्प्रेसर दांडी ओढून कोंडलेला दाब थोडा सोडायचा, किक जराशी पुढे सरकवायची, दांडी सोडायची आणि मग पूर्ण किक मारायची. ज्या बुलेटीत काटा हलतच नाही तिची विजेची व्यवस्था मोडलेली आहे, आणि ज्या बुलेटीत डीकॉम्प्रेसर न ओढताही किक लोण्यासारखी खाली जाते तिचे सिलिंडर आणि पिस्टन झिजले आहेत. जुन्या बुलेटीत गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो, ही उलटी रचना मूळची आहे, बिघाड नव्हे. उलट डावीकडे गिअर असलेली सत्तरच्या दशकातली बुलेट दिसली, तर तीत काहीतरी बदलले आहे.

जावा-येझदीची खूण वेगळी. तीत गिअरचा दांडा हाच किकचा दांडा असतो: तो आत दाबून मागे फिरवला की किक होते आणि गाडी सुरू झाल्यावर पुन्हा पुढे आणला की गिअर. ही जोडणी झिजली की दांडा निसटतो. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर हेही तिचे वैशिष्ट्य, आणि दोन्हींतून सारखाच धूर यावा लागतो. सुरू केल्यानंतर काही मिनिटांतही निळसर धुराऐवजी पांढरा, दाट धूर येतच राहिला, तर क्रँकचे, म्हणजे पिस्टनची वर-खाली गती चाकाच्या गोल गतीत बदलणाऱ्या दंडाचे, सील फाटून गिअरबॉक्सचे तेल इंजिनात ओढले जात आहे असे समजावे. दुरुस्ती अवघड नाही, पण त्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागते, ज्याला गॅरेजात ‘फुल इंजिन’ काम म्हणतात, आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्यावी. सिलिंडर किती वेळा ‘बोअर’ झाला आहे हेही विचारावे. झिजलेल्या सिलिंडरचा आतला व्यास लेथवर किंचित वाढवून त्यात मोठा पिस्टन बसवतात. हे पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी काही वेळाच करता येते, त्यानंतर सिलिंडरची भिंत पातळ होते आणि नवा स्लीव्ह घालण्यावाचून उपाय राहत नाही. धुळे आणि जळगाव येथे ट्रकच्या आणि शेतीपंपांच्या कामांमुळे लेथवर नेमके काम करणारे कारागीर आहेत, ही खानदेशच्या संग्राहकाची मोठी सोय. पुण्या-मुंबईत यासाठी जे मोजावे लागते त्यापेक्षा येथे खर्च माफक येतो.

यानंतर कागद, आणि सर्वाधिक सौदे फसतात ते येथेच. १ जुलै १९८९ रोजी मोटार वाहन कायदा १९८८ अमलात आला, आणि नंतर वाहनांना राज्याची दोन अक्षरे व जिल्ह्याचा अंक असलेले क्रमांक मिळू लागले; त्यात धुळ्याला एमएच १८ आणि जळगावला एमएच १९ हे अंक मिळाले. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेल्या नंदुरबारला पुढे एमएच ३९ मिळाला. त्याआधीच्या महाराष्ट्रातील गाड्यांवर ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरे आणि चार अंक असत. संग्राहकाच्या दृष्टीने हा जुना तीन-अक्षरी क्रमांक म्हणजे गाडीच्या वयाचा पुरावा असतो, म्हणून तो मूळ आरसी बुकासह टिकला असेल तर किंमत वाढते. मध्य प्रदेशातून, बऱ्हाणपूर किंवा सेंधव्याकडून आलेली गाडी स्वस्त मिळते, परंतु परराज्यातील वाहन १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे ठेवल्यास कलम ४७ नुसार नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८) लागते, कर भरावा लागतो, आणि जुना क्रमांक गमवावा लागतो. स्वस्ताई तेथेच संपते.

मालकी हस्तांतराचे साधे अर्ज फॉर्म २९ आणि ३०. परंतु ज्या गाडीचा नोंदणीकृत मालक तीस वर्षांपूर्वी वारला, तिच्यासाठी आधी वारसाच्या नावावर हस्तांतर (फॉर्म ३१) व्हावे लागते, आणि खानदेशात भावकी मोठी, वाटण्या अर्धवट, त्यामुळे कोठारातल्या एका येझदीसाठी तीन गावांतल्या सात वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागणे मुळीच अपवादात्मक नाही. दुसरा अडथळा कर्जबोजाचा. त्या काळी अनेक गाड्या सहकारी बँका आणि पतसंस्था यांच्या कर्जातून घेतल्या गेल्या, आरसी बुकावर तसा शेरा पडला. कर्ज फिटले तरी शेरा काढून घेण्याची (फॉर्म ३५) तसदी कोणी घेतली नाही. पुढे जळगाव जिल्ह्यातील कित्येक पतसंस्था अवसायनात गेल्या, म्हणजे त्यांचे व्यवहार बंद करून मालमत्ता व देणी निकालात काढण्याचे काम सरकारनियुक्त अवसायकाकडे गेले, आणि आता सही कोणाची घ्यावी हा प्रश्न उभा राहतो. उत्तर अवसायकाची, पण त्याच्या कार्यालयात चाळीस वर्षांपूर्वीच्या मोटारसायकलीच्या कर्जाची वही शोधणे हे किती दिवसांचे काम आहे, याचा अंदाज बयाणा देण्यापूर्वीच घ्यावा.

याशिवाय जुन्या गाड्यांची नोंद बहुधा हस्तलिखित रजिस्टरांतच असते आणि ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत आलेली नसते. ती आधी तेथे चढवून घ्यावी लागते. १५ वर्षांनंतरचे नूतनीकरण (फॉर्म २५) दर पाच वर्षांनी करावे लागते. दुचाकीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील दुचाकींसाठी २,००० रुपये करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. चोरीच्या गाडीची खातरजमा करण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ ही सोय उपलब्ध आहे, आणि क्रमांक ठसे तपासल्यानंतरही तिचा उपयोग अवश्य करावा.

२०२१ च्या विंटेज नियमांचा पर्याय ऐकायला आकर्षक वाटतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो आणि नव्याने नोंदली जाणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळतो. चॅसी, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा ही अट आहे, आणि विक्री झाल्यास दोन्ही पक्षांनी ९० दिवसांत कळवायचे असते. परंतु अशी गाडी नेहमीच्या प्रवासासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, विंटेज रॅली आणि इंधन व देखभाल एवढ्यांपुरतीच ती चालवायची असते. १९६८ ची जावा घेऊन रविवारी पाटणादेवीला किंवा उनपदेवला जाऊन येण्याची ज्याला हौस आहे त्याने साधे नूतनीकरणच करावे. ज्याच्या गाडीचे कागद अजिबात सापडत नाहीत, पण गाडी अस्सल आहे, अशा मालकाला मात्र हा पर्याय सहज तारेल असे समजू नये, कारण जुन्या प्रमाणपत्राची किंवा आयातीच्या दस्तऐवजाची मागणी येथेही होतेच. आरएक्स १०० आणि राजदूत ३५० या वर्गात येण्यासाठी अनुक्रमे २०३५ आणि २०३३ उजाडावे लागेल.

खरेदीनंतरचा मोठा निर्णय म्हणजे गाडी नवी करायची की आहे तशी राखायची. खानदेशात, किंबहुना महाराष्ट्रात सगळीकडेच, कल नवी करण्याकडे आहे: पत्रा ठोकून घ्यायचा, पावडर कोटिंग करायचे, जिथे कारखान्याने काळा रंग दिला होता तिथेही क्रोम चढवायचे, आणि टाकीवर झगझगीत स्टिकर लावायचे. अशी गाडी लग्नाच्या वरातीत शोभते. संग्रह म्हणून तिची किंमत उतरलेली असते. हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, कारखान्याचा मूळ रंग, टाकीवर गुडघ्याने घासून पडलेला डाग, विक्रेत्या एजन्सीची पत्र्याची पट्टी, हे सर्व एकदा पॉलिश पेपरखाली गेले की कोणत्याही खर्चाने परत येत नाही, आणि खरे सांगायचे तर जुनेपणासाठी पैसे मोजून मग ते घासून टाकण्यात शहाणपण कोणते, हे समजणे कठीण आहे. जे झिजते ते बदलावे: टायर, ट्यूब, ब्रेक लायनर, केबल, सील, बेअरिंग, वायरिंग. जे दिसते ते शक्यतो राखावे. काढलेला प्रत्येक मूळ भाग, तुटका असला तरी, चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. आज बाजारात मिळणारे बरेचसे सुटे भाग नकली असतात, आणि नवा भाग बेताचा निघाला तर नमुना म्हणून जुनाच कामी येतो.

चालवण्याच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. जावा, येझदी आणि जुनी राजदूत यांच्या टाकीत पेट्रोलबरोबरच तेल मिसळावे लागते, लिटरमागे साधारण ४० ते ५० मिलिलिटर. आरएक्स १०० मध्ये तेलाची स्वतंत्र टाकी आणि पंप असतो. हे तेल विसरले गेले की इंजिन जाम होते, आणि बापाची गाडी पहिल्यांदाच बाहेर काढणाऱ्या मुलाकडून नेमके हेच घडते. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि जुन्या काळच्या रबराला फुगवते किंवा मऊ करते. महिन्यातून एकदाच चालणाऱ्या गाडीत ते पडून राहिले तर टाकीच्या तळाशी पाणी साचून आतून गंज धरतो. म्हणून पेट्रोलचे पाइप आणि कार्बोरेटरचे वॉशर इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालावेत, आणि मार्चअखेरीस, ऊन चढण्यापूर्वी, गाडी दोन-अडीच महिन्यांसाठी उभी करायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे, टाकी उपसावी, आतल्या पत्र्यावर तेलाचा हात फिरेल इतके तेल घालून टाकी चारी अंगांनी हलवावी, बॅटरी काढावी आणि टायरांवरचा भार कमी करण्यासाठी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलले जाईल असा इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्यावा. प्लास्टिकचा कागद गुंडाळू नये, त्यात ओल कोंडते. जुनी सुती चादर किंवा गोणपाट पुरते.